देशी मोटारीचा भरवसा

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरातून पश्चिमेला निघाले की वाळूजची औद्योगिक वसाहत लागते आणि जालना रस्त्याने पूर्वेला गेले की चिकलठाण्याच्या पुढे शेंद्रा. वाळूजला १९८५पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे. शेंद्र्यात २००१ साली झेक प्रजासत्ताकातल्या स्कोडा कंपनीची ऑक्टेव्हिया तयार होऊ लागली. एकाच शहराच्या दोन अंगांना देशी आणि परदेशी वाहन उद्योग असे बसले आहेत. मधल्या वस्त्यांतली कितीतरी घरे यांपैकी एखाद्या कंपनीच्या, नाहीतर तिला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान युनिटच्या पगारावर चालतात. अशा घरांतही गाडी घ्यायची वेळ आली की देशी कंपनीच्या नावापाशी हात आखडता घेतला जायचा. त्याची कारणे महाराष्ट्राच्या मोटार उद्योगाच्या ऐंशी वर्षांत सापडतात.

हा उद्योग उभा राहिला तो परदेशी परवान्यावर. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार झाले. जनरल मोटर्स १९२८पासून शिवडीला गाड्यांची जुळणी करत होती. स्वतंत्र भारतात सरकारने धोरण ठरवले की नुसती जुळणी चालणार नाही, गाडीचे भाग इथेच बनवायला हवेत. त्यानंतर १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघींनीही भारतातून काढता पाय घेतला. आयात जवळपास बंद झाली. सामान्य माणसाला गाडी म्हणजे एक तर कोलकात्याजवळ बनणारी अॅम्बेसिडर, नाहीतर कुर्ल्याची फियाट.

स्पर्धा नाही, उत्पादन परवान्यापुरते आणि मागणी त्याहून कितीतरी जास्त. अशा बाजारात गिऱ्हाइकाला नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, किंवा कोणाचे बुकिंग ‘ऑन’ म्हणजे वरची जादा रक्कम देऊन विकत घ्यावे लागे. तयार झालेली प्रत्येक गाडी विकली जाणारच होती, म्हणून ती सुधारण्याची घाई कंपनीला नव्हती. १९७०च्या दशकाच्या मध्यावर फियाटचे नाव बदलून प्रीमियर पद्मिनी झाले, पण हाताचा गिअर आणि एकूण चेहरामोहरा शतक संपेपर्यंत जवळपास तोच राहिला. संरक्षणामुळे कारखाने जगले आणि मुंबई-पुण्याच्या परिसरात सुटे भाग बनवणाऱ्यांची एक पिढी तयार झाली, हे खरे आहे. त्याबरोबरच, देशी कंपनी म्हणजे मिळेल ते मुकाट्याने घ्यायचे, ही समजूतही घराघरांत पक्की झाली. पुढच्या कारखानदारांना हा वारसा न मागता मिळाला.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. कंपनीत बहुतांश वाटा भारत सरकारचा होता, तंत्रज्ञान जपानच्या सुझुकीचे. थंडीच्या सकाळी पहिल्या चावीला सुरू होणारी, दर महिन्याला मेकॅनिककडे न्यावी न लागणारी गाडी लोकांनी प्रथमच पाहिली. ‘जपानी इंजिन’ हे शब्द हमीपत्रासारखे वापरले जाऊ लागले. गाडी कशी असावी याची मोजपट्टी या एका गाडीने बदलली आणि जुन्या कंपन्या तिच्यापुढे एकदम म्हाताऱ्या दिसू लागल्या.

१९९३ साली मोटार उत्पादनावरचे परवान्याचे बंधन उठले. प्रीमियरने फ्रान्सच्या प्युजो कंपनीला बरोबर घेऊन कल्याणजवळ प्युजो ३०९ काढली, पण कामगारांशी झालेले तंटे आणि पैशाची ओढाताण यांत काही वर्षांतच तो संसार मोडला. पद्मिनीचे उत्पादन २०००च्या आसपास थांबले. मुंबईच्या रस्त्यांवर ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणून उरली आणि शेवटच्या नोंदणीकृत टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली.

स्वतःच्या आराखड्यावर संपूर्ण मोटार बनवण्याचे धाडस केले पुण्याच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने. ही मुळात ट्रकची कंपनी. १९५४ ते १९६९ अशी पंधरा वर्षे तिचा जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार होता. कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या काळात, १९६०च्या दशकात, पिंपरी-चिंचवडला तिचा कारखाना उभा राहिला. सुमो या गाडीचे नाव त्यांच्याच नावाच्या अक्षरांवरून आले. कंपनीचे अध्यक्ष रतन टाटांनी मनात धरलेल्या इंडिका या मोटारीचे गणित सरळ होते: बाहेरून मारुतीच्या झेनएवढी, आत अॅम्बेसिडरइतकी ऐसपैस, किमतीला मारुती ८००च्या जवळ आणि चालवायला डिझेलच्या खर्चाची. सुमारे १७०० कोटी रुपयांचा हा प्रकल्प होता. निस्सानचा ऑस्ट्रेलियातला बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, सुटा करून पुण्याला आणला आणि पुन्हा उभा केला. इंडिका डिसेंबर १९९८मध्ये बाजारात आली तेव्हा आठवडाभरात एक लाखाहून अधिक लोकांनी पूर्ण पैसे भरून नोंदणी केली होती. देशी गाडी लोकांना नकोच होती असे म्हणणाऱ्याने हा आकडा ध्यानात घ्यावा. लोक आशेने धावले होते.

गाड्या घरी आल्या आणि तक्रारी सुरू झाल्या. खडखड आवाज, सस्पेन्शनची दुखणी, वरचेवर निघणारी कामे. मोटारीत हजारो भाग असतात आणि प्रत्येक भाग सुटा चांगला असला तरी ते एकत्र बसून खड्ड्यांतून, धुळीतून, उन्हातून वर्षभर चालले की खरी परीक्षा होते. परदेशी कंपनी येते तेव्हा तिची गाडी बहुधा दुसऱ्या देशांत ही परीक्षा देऊन आलेली असते. ऑक्टेव्हिया शेंद्र्यात यायच्या आधी पाच वर्षे युरोपात विकली जात होती. तिच्या सुरुवातीच्या चुका तिकडच्या गिऱ्हाइकांनी सोसल्या होत्या. इंडिकाला मागे असा कोणी नव्हता. देशी कंपनीचे शिकणे तिच्याच गिऱ्हाइकाच्या दारात, त्याच्या खिशातून आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत झाले. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय त्या काळाचा निवाडा न्यायाने करता येत नाही.

२०००-०१ या वर्षात टेल्कोला ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. तोवर भारतातल्या कोणत्याही खासगी कंपनीने एवढा तोटा दाखवला नव्हता. मोटारीचा धंदा सोडून द्या, असे सल्ले आले. कंपनीने दोष हुडकले, भाग बदलले आणि २००१मध्ये सुधारलेली इंडिका व्ही-टू आणली. ती उत्तम चालली. ऐसपैस जागा, डिझेलचे ॲव्हरेज आणि गल्लीतल्या गॅरेजात होणारी दुरुस्ती यांमुळे भाड्याने गाड्या चालवणाऱ्यांनी ती उचलून धरली, आणि इथे एक नवीनच पेच झाला. रोज शेकडो किलोमीटर पळणारा टॅक्सीवाला ज्या गाडीवर पोट भरतो ती गाडी टिकाऊ असलीच पाहिजे. पण कुटुंबासाठी गाडी पाहणाऱ्याला रस्त्यावर पिवळ्या नंबरप्लेटच्या पांढऱ्या इंडिका दिसत आणि तो म्हणे, ही तर टॅक्सीची गाडी. टॅक्सीवाल्याने दिलेले प्रशस्तिपत्र घरच्या गिऱ्हाइकाने दोष म्हणून वाचले. हीच इंडिका २००३मध्ये ‘सिटीरोव्हर’ नावाने इंग्लंडला गेली. तिथे तिच्यावर टीका झाली, आणि २००५मध्ये एमजी रोव्हर कंपनीच बुडाली.

टाटांच्याच नॅनोच्या वाट्याला याहून कठीण अनुभव आला. एक लाख रुपयांची मोटार जानेवारी २००८मध्ये दिल्लीत दाखवली तेव्हा साऱ्या जगाच्या नजरा तिच्याकडे वळल्या. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरच्या जमिनीच्या वादामुळे कारखाना गुजरातमध्ये साणंदला हलवावा लागला, सुरुवातीच्या काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या. तरी सर्वांत जड गेले ते ‘सर्वांत स्वस्त’ हे बिरूद. स्कूटरवरून चौघांना नेणाऱ्या कुटुंबाला सुरक्षित वाहन मिळावे हा मूळ विचार माणुसकीचा होता. पण त्याच कुटुंबाला दारात उभ्या गाडीने आपली ऐपत कमी दाखवलेली नको होती. ‘स्वस्त गाडी’ म्हणून तिचा झालेला प्रचार चुकला, हे रतन टाटांनी पुढे स्वतः बोलून दाखवले.

गाडीचा प्रतिष्ठेशी असलेला संबंध पाहायला वाळूज-शेंद्र्याच्या या शहराइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. ऑक्टोबर २०१०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर आदींनी गट करून दीडशे मर्सिडीज एकदम खरेदी केल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता. आपल्या शहराची दखल देशाने घ्यावी हा त्यामागचा उघड हेतू होता आणि तो साधलाही. स्टेट बँकेने त्यासाठी दिलेल्या कर्जाचा व्याजदर शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जापेक्षा बराच कमी होता. दुष्काळी मराठवाड्यात हे अनेकांना खुपले, आणि खुपायलाच हवे होते. या गाड्या बनत होत्या चाकणला. मर्सिडीजची भारतातली पहिली जुळणी तर १९९५मध्ये पिंपरीला टेल्कोच्याच आवारात झाली होती. शेंद्र्यालाही बराच काळ बाहेरून आलेले सुटे भाग जोडून गाड्या उभ्या राहत, कारण तयार गाडीपेक्षा सुट्या भागांवर आयातकर कमी लागतो. बोनेटवरचे चिन्ह परदेशी, जोडणारे हात इथले.

उलट वाळूजला बनलेल्या चारचाकीला स्वतःच्या गावातही मोटारीचा मान मिळाला नाही. बजाजने जानेवारी २०१२मध्ये दाखवलेली आणि पुढे ‘क्यूट’ नाव मिळालेली ही गाडी २१६ सीसीच्या एका सिलिंडरच्या इंजिनावर ताशी ७० किलोमीटरपर्यंत धावते. कायद्याने तिला मोटार न म्हणता क्वाड्रिसायकल असा वेगळा वर्ग दिला. तो ठरेपर्यंत सरकारी मंजुऱ्या आणि न्यायालयातले वाद यांत कित्येक वर्षे गेली. गाडी परदेशी जाऊ लागली तरी इथे विक्री नव्हती. एप्रिल २०१९मध्ये ती महाराष्ट्रात अडीच लाखांच्या आसपास मिळू लागली, तोवर लोकांनी तिला चार चाकांची रिक्षा ठरवून टाकले होते. सुरक्षिततेबद्दल घेतलेले आक्षेप विचार करण्यासारखे होते. मात्र तिची तुलना मोटारीशीच होत राहिली, दुचाकीशी किंवा तीनचाकीशी फारशी कोणी केली नाही.

नाशिकला कारखाना असलेल्या महिंद्राने वेगळी वाट धरली. जीप आणि गावोगावी माणसे वाहणारी प्रवासी वाहने बनवणारी ही कंपनी ‘दणकट पण ओबडधोबड’ म्हणून ओळखली जाई. २००२मध्ये तिने पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखाली स्कॉर्पिओ आणली. कंपनीने आपली ओळख लपवली नाही. दणकटपणाच रुबाब म्हणून मांडला. मराठवाड्यात ती पाहता पाहता पुढाऱ्यांची गाडी झाली. याच नाशिकला महिंद्राने २००७मध्ये फ्रान्सच्या रेनोबरोबर लोगान बनवली. परदेशी घराण्याची ती मोटार मात्र पडली आणि २०१०मध्ये रेनो त्या भागीदारीतून बाहेर पडली. परदेशी नाव असले की गाडी खपतेच असे नाही, हे तेव्हाच दिसले होते.

लोकांचे मत खऱ्या अर्थाने पालटले ते एका मोजमापाने. ग्लोबल एनकॅप ही संस्था ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आदळवून आतल्या माणसांचे काय होते ते तपासते. जानेवारी २०१४च्या निकालात मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, फोर्ड फिगो, ह्युंदाई आय-टेन आणि फोक्सवॅगन पोलो या पाचही गाड्यांच्या साध्या मॉडेलना शून्य तारे मिळाले. परदेशी म्हणजे सुरक्षित, ही समजूत त्या दिवशी उघडी पडली. डिसेंबर २०१८मध्ये पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय मोटार ठरली पुण्याजवळ रांजणगावला बनणारी टाटा नेक्सॉन. पाठोपाठ जानेवारी २०२०मध्ये टाटा अल्ट्रोझ आणि नाशिकची महिंद्रा एक्सयूव्ही ३०० यांनीही ती मजल गाठली. पत्र्याच्या जाडीवर बोट वाजवून गाडी पारखणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती आता त्रयस्थाचा दाखला आला, आणि तो जाहिरातीने देता येण्यासारखा नव्हता. ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप ही देशाची स्वतःची चाचणीही सुरू झाली.

याच काळात परदेशी कंपन्यांनाही धक्के बसले. जनरल मोटर्सने तळेगावचे उत्पादन २०२०च्या अखेरीस थांबवले आणि तो कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. फोर्डने २०२१मध्ये भारतातले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. तिचा साणंदचा कारखाना टाटांनी घेतला. २०२४ या वर्षात देशात सर्वांत जास्त विकली गेलेली मोटार टाटा पंच होती. सुमारे चार दशके हे स्थान मारुतीकडे होते. अर्थात देशी गाड्यांच्या सगळ्या तक्रारी मिटलेल्या नाहीत. सॉफ्टवेअरची अडचण आणि सर्व्हिस सेंटरवर होणारा उशीर यांबद्दल नवीन गाड्यांचे मालकही नाराजी बोलून दाखवतात, आणि गाडीत इलेक्ट्रॉनिक भाग वाढतील तसे हे काम अवघडच होत जाणार आहे.

पुढची स्पर्धा विजेच्या गाड्यांची आहे आणि तीत बॅटरीच्या जोरावर चीन पुढे आहे. गारखेड्याच्या दक्षिणेला पैठण रस्त्यावर बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्रात टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४मध्ये सुमारे २०,००० कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. विजेच्या वाहनांचा जेएसडब्ल्यूचा प्रकल्पही याच जिल्ह्यासाठी मंजूर झाला. हा उद्योगसमूह चीनच्या सैक कंपनीबरोबर भागीदारीत एमजीच्या मोटारी विकतो. म्हणजे देशी आणि परदेशी यांची सरमिसळ इथून पुढे आणखी वाढेल. वाळूजच्या एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉकसारख्या कंपन्या आणि त्यांच्याभोवतीचे शेकडो लहान पुरवठादार मुख्यतः दुचाकी-तीनचाकीच्या भागांवर वाढले. त्यांना आता चारचाकीचे आणि विजेच्या गाडीचे भाग त्याच दर्जाने बनवून दाखवायचे आहेत.