तण काढणाऱ्या हातयंत्राची कसोटी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईच्या उपनगरांत रेल्वेमार्गालगतच्या पालक-मेथीच्या वाफ्यांत आणि आरे वसाहतीतील पाड्यांवर आजही छोटी शेती होते, आणि अशा गुंठ्यांत मोजल्या जाणाऱ्या शेतीसाठी ट्रॅक्टरपेक्षा ढकलायचे हातयंत्र अधिक सोयीचे ठरते. मात्र त्याची रचना आणि चाचणी यांविषयी काही गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज : एकच यंत्र कोणत्याही शेतात चालते.
वस्तुस्थिती : यंत्र दोन ओळींमधल्या जागेतून जाते, त्यामुळे फोकून पेरलेल्या वाफ्यात त्याला वाटच मिळत नाही. भाताच्या चिखलात कोनोवीडर, म्हणजे उलटसुलट बसवलेल्या दोन दातेरी शंकूंचे यंत्र, तण उपटून गाडते. कोरडवाहू जमिनीत मात्र चाकाच्या कोळप्याचे सपाट पाते तणाची मुळे कापते.

गैरसमज : पाते जितके खोल, तितके काम चोख.
वस्तुस्थिती : कोवळ्या तणासाठी दोन-तीन सेंटिमीटर खोली बहुधा पुरते. पाते त्याहून खोल गेल्यास ढकलण्याचा जोर वाढतो, पिकाची मुळे दुखावतात आणि खाली दडलेले तणाचे बी वर येऊन रुजते. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीचे तुकडे तर पुन्हा फुटतात, म्हणून ते वेचून काढावेच लागतात.

गैरसमज : शेत स्वच्छ दिसले की चाचणी यशस्वी झाली.
वस्तुस्थिती : चाचणीत एक चौरस मीटरची चौकट टाकून यंत्र फिरवण्यापूर्वी व नंतर तण मोजतात. आधी 200 आणि नंतर 40 रोपे आढळली, तर तणनिर्मूलन क्षमता 80 टक्के ठरते. त्याच वेळी पिकाची किती रोपे तुटली हेही मोजतात, कारण तणाबरोबर पीक कापणारे यंत्र निरुपयोगी असते. वीस सेंटिमीटर रुंदीचे पाते ताशी एक किलोमीटर वेगाने चालले, तर हिशेबाने तासाला सुमारे दोन गुंठे काम होते. वळणे आणि अडकलेला पाला काढणे यांमुळे प्रत्यक्षात ते कमी भरते.

गैरसमज : यंत्र आले की कष्ट संपले.
वस्तुस्थिती : वाकून खुरपण्याचा त्रास टळला, तरी ढकलण्याचा ताण उरतो. खुरपणी बहुतांशी स्त्रिया करतात. म्हणून मुठीची उंची त्यांच्या बांध्यानुसार बदलता आली पाहिजे आणि चाचणीत त्यांच्या नाडीचे ठोकेही नोंदवले गेले पाहिजेत. ज्या बाईला ते रोज ढकलायचे आहे, तिच्या हातात उतरल्याशिवाय कोणत्याही यंत्राची चाचणी पूर्ण झाली, असे म्हणता येत नाही.