मूळ प्रत जपावी

इतवारीतील एखाद्या जुन्या पेढीला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतात आणि घरात स्मरणिका काढण्याचे ठरते. पहिल्या पानावर पेढीची गादी प्रथम मांडणाऱ्या आजोबांचे छायाचित्र असावे, अशी सर्वांची इच्छा असते. कागदावरचे मूळ छायाचित्र मागेच पावसाळ्यातील ओलीने खराब झालेले असते. परंतु कोणीतरी ते मोबाईलमध्ये टिपून ठेवले होते, म्हणून सारे निश्चिंत असतात. ते चित्र आप्तांच्या व्हॉट्सॲप समूहांतून वर्षानुवर्षे फिरलेले असते. एकाने त्याच्या कडा कापलेल्या, दुसऱ्याने पुण्यतिथीला त्यावर अक्षरे घातलेली, तिसऱ्याने अक्षरांचा भाग वगळून ते पुन्हा साठवलेले. छापखान्यात ती फाईल उघडली जाते आणि मोबाईलच्या पडद्यावर ठीक दिसणारा चेहरा पानभर मोठा करताच लहान लहान चौकोनांत विरून जातो. डोळ्यांतील भाव, पगडीचा पीळ, मागच्या पाटीवरील पेढीचे नाव, यांतील काहीच हाती लागत नाही.

येथे दोष छापखान्याचा नसतो आणि मोबाईलचाही नसतो. चित्र एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेताना काय टिकते आणि काय गळते, याचा विचार कोणी केलेला नसतो. व्यापारी कुटुंबांत तर असे रूपांतर रोजच घडते. सरकारी अर्जासाठी दुकानाचा फोटो लहान करायचा असतो, ग्राहकाला मालाची चित्रे पाठवायची असतात, पावत्यांची पीडीएफ करायची असते, लग्नपत्रिकेसाठी बोधचिन्ह द्यायचे असते. म्हणून या विषयाची थोडी ओळख प्रत्येक घरात असणे हिताचे आहे.

रोजकीर्द आणि गोषवारा

संगणकासाठी चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याचा रंग लाल, हिरवा व निळा अशा तीन अंकांनी नोंदवला जातो. टंकलेखनाच्या नेहमीच्या कागदाएवढे, म्हणजे ए-फोर आकाराचे पान, इंचाला ३०० ठिपके या मानाने स्कॅन केले, तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात आणि सारे अंक जसेच्या तसे लिहिल्यास फाईल सुमारे २६ एमबीची होते. हे अंक कोणत्या रीतीने लिहून ठेवायचे, त्या रीतीलाच फाईलचे स्वरूप किंवा फॉरमॅट म्हणतात.

या रीती दोन प्रकारच्या आहेत. टिफ आणि पीएनजी यांत सहसा प्रत्येक ठिपक्याचा हिशेब पूर्ण राहतो. १९९२ साली प्रमाणित झालेल्या जेपेग पद्धतीत मात्र चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात आणि डोळ्याला सहसा जाणवणार नाही असा बारीक तपशील सोडून दिला जातो. त्यामुळे फाईल कितीतरी लहान होते. एकदा केलेली ही काटकसर बहुधा लक्षातही येत नाही; परंतु तीच फाईल बदलून पुन्हा पुन्हा जेपेगमध्ये साठवली, की तपशील पुन्हा पुन्हा गळू शकतो. अक्षरांच्या कडेला धुरकट डाग दिसतात ते यामुळेच.

व्यापाऱ्याला हा भेद वेगळ्या शब्दांत सांगता येईल. रोजकीर्दीवरून महिन्याचा गोषवारा काढता येतो. गोषवाऱ्यावरून रोजकीर्द पुन्हा लिहिता येत नाही. जेपेगचे पीएनजी केले म्हणून गेलेला तपशील परत येत नाही. उरलेला तेवढा जपला जातो. फाईलच्या नावाचा शेवट हाताने बदलणे हे तर रूपांतरही नव्हे. जुन्या वहीला नवे पुठ्ठे घातले, तरी आतील नोंदी त्याच राहतात.

ताडपत्रावरून कागदावर

रूपांतराचा हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. विदर्भातील जैन समाजाला त्याचा मोठा अनुभव आहे.

आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांचा षट्खंडागम व त्यावरील आचार्य वीरसेनांची धवला टीका शतकानुशतके दक्षिणेत मूडबिद्री येथे ताडपत्रांवर जपली गेली. भाषा प्राकृत व संस्कृत, पण लिपी जुनी कन्नड. म्हणून उत्तरेकडील वाचकांना ती बंद होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या प्रयत्नाने तेथे नक्कल करण्याचे काम सुरू झाले. जीर्ण पाने वाचून ती हाताने उतरवण्याचे हे काम दीर्घकाळ चालले. त्यातून पुढे नकलांच्या नकला झाल्या आणि ग्रंथ देवनागरीत आला.

प्रा. हिरालाल जैन यांनी अमरावतीत संपादनाचे काम हाती घेतले, तेव्हा त्यांच्यासमोर मूळ ताडपत्रे नव्हती. अमरावती, कारंजा आणि आरा येथील नकला होत्या. विदिशेच्या सेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या निधीने १९३९ मध्ये पहिला भाग प्रकाशित झाला. पुढे नागपूरच्या महाविद्यालयात अध्यापन करीत असतानाही हिरालालजींनी हे कार्य सोडले नाही, आणि सुमारे दोन दशकांत सोळा भाग पूर्ण झाले.

या कार्यातील एक प्रसंग आजही मार्गदर्शक आहे. सत्प्ररूपणेतील ९३ व्या सूत्रात ‘संजद’ हा शब्द हाती असलेल्या नकलांत नव्हता. अर्थाची संगती पाहता तो तेथे असावा, असे संपादकांना वाटले आणि त्यांनी तशी तळटीप दिली. त्यावरून विद्वानांत मोठा वाद झाला. तर्काने तो मिटण्यासारखा नव्हता. अखेर मूडबिद्रीची ताडपत्रे पाहण्यात आली, आणि तेथे तो शब्द आढळला. नक्कल होताना एक शब्द गळला होता. मूळ प्रत जपलेली नसती, तर तो गळला हे खात्रीने सांगणे कोणालाही शक्य झाले नसते.

प्रत्येक नक्कल आवश्यक होती. नक्कल झाली नसती तर ग्रंथ वाचकांपर्यंत आलाच नसता. परंतु नकलेची परीक्षा करता आली ती मूळ प्रत सुरक्षित होती म्हणून. आजोबांच्या छायाचित्रालाही हाच न्याय लागू होतो.

घरात काय करता येईल

पहिली गोष्ट म्हणजे मूळ फाईल वेगळी ठेवावी आणि तिला हात लावू नये. कापणे, लहान करणे, अक्षरे घालणे हे सारे तिच्या प्रतीवर करावे. कागदावरचे छायाचित्र स्कॅन झाले म्हणून टाकून देऊ नये. तेच खरे ताडपत्र आहे.

जुनी छायाचित्रे, वडिलोपार्जित वह्या किंवा हस्तलिखितांची पाने यांचे स्कॅन टिफ किंवा पीएनजी स्वरूपात साठवावे. जागा अधिक लागते, पण अक्षर स्पष्ट राहते. पाठवण्यासाठी त्यावरून जेपेग करावे. मोबाईलने टिपलेल्या रोजच्या फोटोंना जेपेग पुरेसे आहे. पेढीचे बोधचिन्ह आणि पारदर्शक पार्श्वभूमीचे चित्र यांसाठी पीएनजी योग्य. कारण जेपेगमध्ये पारदर्शकता टिकत नाही.

आयफोनवरील फोटो २०१७ पासून बहुधा एचईआयसी या स्वरूपात साठवले जातात. फाईल लहान व चांगली असते, परंतु अनेक जुने संगणक आणि अर्ज भरण्याची संकेतस्थळे ती स्वीकारीत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील फॉरमॅट या भागात ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले, की पुढील फोटो जेपेगमध्ये येतात. संकेतस्थळांवरून उतरवलेली चित्रे पुष्कळदा वेबपी स्वरूपात असतात. ती संगणकावरील पेंटसारख्या साध्या साधनात उघडून पीएनजी म्हणून साठवता येतात.

छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके हे सर्वसाधारण माप धरतात. म्हणजे सहा इंच बाय चार इंच आकारासाठी १८०० बाय १२०० ठिपके हवेत. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठवलेला फोटो लहान केला जातो. म्हणून छापखान्याला फाईल पाठवताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी.

सावधगिरीची एक गोष्ट व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. फुकट रूपांतर करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर आधार, पॅन, धनादेश किंवा खातेवहीचे पान चढवणे म्हणजे ते परक्याच्या हाती देणे होय. असे रूपांतर घरच्या संगणकावरच करावे. रूपांतरानंतर नवी फाईल पूर्ण मोठी करून पाहावी, अक्षरे व अंक मुळाशी ताडून घ्यावेत, आणि मगच पुढचे काम करावे. महत्त्वाच्या मूळ फाईली एकाच मोबाईलवर न ठेवता दोन-तीन ठिकाणी, शक्य तर एक प्रत घराबाहेर, ठेवाव्यात. फाईलच्या नावात व्यक्ती, स्थळ आणि वर्ष लिहावे; आजी-आजोबा सांगू शकतात तोवरच ते विचारून घ्यावे.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी आणि कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी येते. त्या निमित्ताने शास्त्रभांडारातील ग्रंथ बाहेर काढून झटकण्याची, नवे वेष्टन घालण्याची प्रथा आहे. कार्तिकातील तोच दिवस व्यापाऱ्यांची लाभपंचमी असतो. वर्षातून त्या एका दिवशी घरातील चित्रांच्या फाईली उघडून पाहिल्या, ज्या उघडत नाहीत त्यांची वेळीच व्यवस्था केली, एखादी नवी प्रत करून ठेवली, तर पुढच्या पिढीला पेढीच्या पाटीवरील नाव आणि गादीवरील चेहरा दोन्ही स्पष्ट पाहता येतील.