‘वडील’, ‘अध्यक्ष’ आणि ‘कारभारी’ : ख्रिस्ती मंडळीच्या कारभारातील तीन शब्द

माधवनगरच्या पेठेत ‘वडील कोठे आहेत?’ असे विचारले, तर ऐकणारा आपल्या पित्याविषयी उत्तर देईल. जवळच्या सांगली-मिरजेकडील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या परंपरेत मात्र याच शब्दाने निवडलेल्या पदाधिकाऱ्याचाही बोध होतो. रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात आरंभिलेले मिशनकार्य १८७० मध्ये अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले आणि मंडळीचा कारभार वडिलांच्या सभेने पाहावा ही पद्धत या टापूत आली.

मूळ ग्रीक शब्द ‘प्रेस्बुतेरोस’. वयाने मोठा आणि पदाने मोठा, असे त्याचे दोन अर्थ आहेत. ‘वडील भाऊ’, ‘वडील बहीण’ म्हणणाऱ्या मराठीला यातील पहिला अर्थ सहज पेलतो. अडचण आहे ती ग्रीकात नसलेल्या तिसऱ्या अर्थाची, म्हणजे पित्याची. घरच्या वडिलांना कोणी निवडून देत नाही आणि त्यांच्याकडे हिशेबही मागत नाही. उलट, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात वडिलांवरील आरोप दोन किंवा तीन साक्षीदार असल्यास ऐकावा, असे सांगितले आहे. म्हणजे आरोप होऊ शकतो हे तेथे गृहीतच आहे. जमाखर्चाविषयी विचारू पाहणाऱ्या सभासदाची जीभ मराठीत पुष्कळदा या शब्दापाशीच अडखळत असावी, असे मला वाटते.

‘अध्यक्ष’ या शब्दाची कथा निराळी. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौल इफिस येथील वडिलांना मिलेत येथे बोलावतो आणि भाषणात त्यांनाच ‘एपिस्कोपोस’, म्हणजे देखरेख करणारे, म्हणतो. माणसे तीच, नावे दोन. भाषांतरकारांनी येथे ‘अध्यक्ष’ योजले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील निरनिराळ्या खात्यांचे अध्यक्ष आठवले, म्हणजे ही योजना किती नेमकी होती हे कळते. परंतु आजच्या मराठीत अध्यक्ष सभेचा आणि एकच; फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या प्रारंभी मात्र एकाच गावात ते अनेक आहेत. पुढे हाच ग्रीक शब्द इंग्रजीच्या वाटेने ‘बिशप’ होऊन मराठीत पुन्हा आला. १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बिशप, वडील आणि मंडळीची सभा या तिन्ही परंपरा एकत्र आल्या. ग्रंथात ‘अध्यक्ष’ वाचणाऱ्याला आणि धर्मप्रांतात ‘बिशप’ म्हणणाऱ्याला आपण एकच शब्द उच्चारीत आहोत याची शंकाही येत नाही. एका नगरावर एकच बिशप ही व्यवस्था दुसऱ्या शतकाच्या आरंभी इग्नातियसच्या पत्रांत स्पष्ट दिसते; त्याआधीच्या स्थितीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

तीताला लिहिलेल्या पत्रात याच अध्यक्षाला देवाचा ‘कारभारी’ म्हटले आहे. १९४८ पर्यंत पटवर्धनांची संस्थाने असलेल्या या मुलखाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही : कारभार त्याच्या हाती, खजिना दुसऱ्याचा. (खेड्यातील बायका नवऱ्याला ‘कारभारी’ म्हणतात, हे खरे; पण तेथेही मालकीचा भाव ‘मालक’ या दुसऱ्या हाकेत आहे.) तिन्ही शब्दांत हिशेबाचे बंधन याच एका शब्दात उघड आहे, मंडळीत पदनाम झाले ते मात्र ‘वडील’.