मुक्काम, पोस्ट आणि आपण : टपाल दारापर्यंत कसं येतं?



दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातली किती तरी घरं बंद होतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार... गावोगावचे कोयते ऊसतोडीला निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी सोलापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. उन्हाळा लागेपर्यंत मुक्काम उसाच्या फडाजवळच्या कोपीत. इकडे घराला कुलूप.

आणि नेमकं याच दिवसांत एखादं पाकीट गावात येतं. आधार कार्ड असेल, बँकेचं एटीएम कार्ड असेल, नोकरीच्या मुलाखतीचं पत्र असेल, नाही तर वकिलाची नोटीस. त्या पाकिटाचं पुढे काय होतं? हे समजून घ्यायचं असेल, तर टपाल दारापर्यंत कसं येतं ते आधी पाहू या.

"मु. पो." म्हणजे काय?

आपण पत्ता लिहिताना "मु. पो." असं लिहितो. अर्थ विचारला तर बरेच जण गडबडतात. "मु." म्हणजे मुक्काम, माणूस राहतो ते गाव. "पो." म्हणजे पोस्ट, टपाल कार्यालय असलेलं गाव. दोन्ही एकच असेल तर "मु. पो." जोडून लिहायचं. पण तुमच्या वाडीत किंवा तांड्यावर पोस्ट नसेल, तर मुक्काम वेगळा आणि पोस्ट वेगळं लिहावं लागतं. सगळेच "मु. पो." लिहून मोकळे होतात आणि मग पत्र अडकतं.

शहरात रस्त्याचं नाव, इमारत, फ्लॅट नंबर असतो. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा घर क्रमांक असतो खरा, पण तो कुणाला पाठ असतो? त्यात एकेका वस्तीवर सगळे एकाच आडनावाचे. म्हणून गावाकडच्या पत्त्यात वडिलांचं नाव आणि वस्तीचं नाव हाच खरा घर नंबर असतो.

पिनकोड गावापर्यंत आणतो, दारापर्यंत नाही

पिनकोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ही पद्धत आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले हे मराठी अधिकारी संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची अनेक गावं आणि वेगवेगळ्या लिपींतले पत्ते यामुळे पत्रांचा घोळ व्हायचा. त्यावर सहा आकड्यांचा हा उपाय.

बीड शहराचा पिनकोड ४३११२२. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग. पहिले तीन आकडे टपालाची वर्गवारी कुठल्या भागात होणार ते सांगतात. शेवटचे तीन आकडे म्हणजे टपाल वाटणारं कार्यालय.

आता एक गंमत पाहा. अंबाजोगाईचा पिनकोड ४३१५१७, पण आष्टीचा ४१४२०३. जिल्हा एकच, मग सुरुवात वेगळी का? कारण टपालाच्या वाटा महसुली जिल्ह्याची हद्द पाळत नाहीत. ४१४ ही अहिल्यानगरकडची मालिका आहे आणि आष्टी त्या बाजूला जवळ. म्हणून "जिल्हा बीड, म्हणजे पिनकोड ४३१ नेच सुरू होणार" असा अंदाज करू नका. शिवाय एकाच पिनकोडखाली अनेक गावं असतात. पिनकोड बरोबर असला तरी गाव आणि वस्ती लिहावीच लागते.

शेवटची वाट कोण चालतं?

भारतात दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालयं आहेत. जगात एवढं मोठं जाळं दुसऱ्या कुठल्याही देशाचं नाही. त्यातली दहापैकी सुमारे नऊ ग्रामीण भागात आहेत. गावातलं पोस्ट म्हणजे बहुतेक वेळा एक खोली, कधी ब्रँच पोस्टमास्तरांच्या घरातलीच. मोठ्या पोस्टातून टपालाची थैली तिथं येते आणि ग्रामीण डाकसेवक ती पत्रं वाटतात.

शहरातला पोस्टमन पूर्णवेळ नोकरीत असतो. गावच्या डाकसेवकाचं काम साधारण चार-पाच तासांचं ठरलेलं असतं. पण त्याच वेळात मुख्य गाव, शेतातल्या वस्त्या, तांडे सगळं आलं. पत्र वाटायचं, मनीऑर्डर द्यायची, बचत खात्याचे पैसे घ्यायचे. एक मात्र खरं, त्याला माणसं माहीत असतात. पत्ता अर्धवट असला तरी "हे अमक्याच्या धाकट्याचं दिसतंय" हे तो ओळखतो. हे कुठलंही यंत्र करत नाही.

(दहावी झालेल्यांनी लक्षात ठेवा : डाकसेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते.)

इतर देशांत काय चालतं?

आपल्याला वाटतं, पोस्टमन सगळ्या जगात दारात येत असेल. तसं नाही.

अमेरिकेत शहरांमध्ये १८६३ पासून घरपोच टपाल मिळू लागलं. शेतकऱ्यांना मात्र पत्रासाठी स्वतः पोस्टात जावं लागायचं. १८९६ मध्ये ग्रामीण भागात घरपोच टपालाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०२ मध्ये ती कायमची सेवा झाली. म्हणजे खेड्याला तीच सोय मिळायला तीस-चाळीस वर्षं जास्त लागली. तिथंही टपालवाला दारात येत नाही. रस्त्याच्या कडेला प्रत्येकाची पेटी असते, तो गाडीतूनच पत्र टाकतो. आपल्याला पत्र पाठवायचं असेल तर पेटीत ठेवून लहानसा लाल झेंडा वर करायचा.

कॅनडात अनेक वसाहतींमध्ये सगळ्यांच्या पेट्या एकाच ठिकाणी असतात. तिथं जाऊन आपला कप्पा उघडायचा. आखाती देशांत आणि केनियासारख्या आफ्रिकी देशांत टपाल मुख्यतः पोस्ट बॉक्स नंबरवर येत आलं आहे. दुबईला नोकरीला गेलेल्या नातेवाइकाच्या जुन्या पत्रावर घराचा पत्ता सापडायचा नाही, पेटीचा नंबर सापडेल.

डेन्मार्कमध्ये तर २०२५ च्या अखेरीस सरकारी टपाल कंपनीनं पत्रं वाटणंच थांबवलं. ४०० वर्षांची सेवा बंद झाली. लोकांचा बहुतेक पत्रव्यवहार ऑनलाइन होऊ लागला होता. उरलेली पत्रं आता खाजगी कंपनी नेते.

आणि मंगोलिया? तिथले पशुपालक ऋतूप्रमाणे तंबू हलवतात. आज इथं, दोन महिन्यांनी तिथं. त्यांना पत्ता कसा द्यायचा? २०१६ मध्ये तिथल्या टपाल खात्यानं एक पद्धत स्वीकारली : जमिनीचे तीन मीटर बाय तीन मीटरचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाला तीन शब्दांचं नाव. तंबू हलला की पत्ता बदलला.

भारतातही टपाल खात्यानं २०२५ मध्ये "डिजिपिन" आणला आहे. देशातल्या साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेत. शेतातल्या वस्तीला याचा उपयोग होऊ शकतो. पण डिजिपिन जागा सांगतो. त्या जागी माणूस आहे की नाही, हे तो सांगत नाही.

दाराला कुलूप असेल तर?

इथं आपण परत आपल्या जिल्ह्यात येऊ. साधं पत्र असेल तर ते दारातून आत सरकवलं जातं, नाही तर शेजारी दिलं जातं. पण सही घेऊन द्यायचं टपाल असं देता येत नाही. (रजिस्टर पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच सामावलं आहे.) "दार बंद" असा शेरा पडतो, पाकीट साधारण सात दिवस पोस्टात थांबतं आणि मग पाठवणाऱ्याकडे परत जातं.

एटीएम कार्ड परत गेलं तर पुन्हा मागवता येतं. मुलाखतीची तारीख परत येत नाही. आणि नोटिशीचं तर आणखी वेगळं आहे. बरोबर पत्ता लिहून, पैसे भरून रजिस्टर टपालानं पाठवलेलं पत्र पोचलं असं कायदा गृहीत धरतो. पोचलं नाही हे सिद्ध करायची वेळ आपल्यावर येते. आपण फडात ऊस तोडत असतो आणि कागदावर नोटीस "मिळालेली" असते!

म्हणून गाव सोडण्यापूर्वी एवढं करा :

१. गावच्या पोस्टात जाऊन सांगा की आम्ही अमुक महिन्यापर्यंत बाहेर आहोत. मोबाइल नंबर द्या.

२. गावात राहणाऱ्या विश्वासू नातेवाइकाला आपलं टपाल घेण्याचा अधिकार देणारं सहीचं पत्र पोस्टात द्या. मात्र काही टपाल, उदाहरणार्थ पासपोर्ट, ज्याचं त्यालाच मिळतं.

३. मुक्काम एकाच ठिकाणी बराच काळ असेल, तर टपाल नव्या पत्त्यावर वळवण्यासाठी लेखी अर्ज करता येतो.

४. कुठलाही फॉर्म भरताना पत्त्यात वडिलांचं नाव, वस्ती आणि चालू मोबाइल नंबर लिहा. मुकादमाचा नंबर नको, स्वतःचा.

५. आधार कार्ड टपालानं आलं नाही तरी ई-आधार डाउनलोड करता येतं. ते तितकंच चालतं.

हा अर्ज लिहायला आई-वडिलांना जमत नसेल, तर तुम्ही लिहा. मराठीच्या पेपरात गुणांसाठी आपण पत्रलेखन करतोच ना? हे पत्र त्याहून जास्त कामाचं आहे.

कुठल्याही देशात टपाल पत्त्यावर येतं, माणसाच्या मागे फिरत नाही. अमेरिकेतला माणूस गावाला जाताना पोस्टाला कळवतो आणि त्याचं टपाल पोस्टात तीस दिवसांपर्यंत थांबतं. आपला मुक्काम तर पाच-सहा महिने हलतो. मग पोस्टाला सांगून जाण्याची सवय आपल्याला जास्तच हवी.

करून पाहा

• आपल्या घराचा पूर्ण पत्ता वहीत लिहा. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड. तो पोस्टात दाखवून तपासून घ्या.

• आपल्या गावचे डाकसेवक रोज किती वस्त्यांवर जातात ते त्यांना विचारा आणि त्यांच्या वाटेचा नकाशा काढा.

• स्वतःच्याच पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका. किती दिवसांत आलं ते लिहून ठेवा आणि वर्गात सांगा.