बुडालेल्या पानाची गोष्ट

शाळेत असताना पिंपळाच्या पानाची जाळी केली नाही, असा वाचक विरळाच. हिरवे पान पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवायचे, त्या वासावरून आईची बोलणी खायची आणि काही आठवड्यांनी पान हलक्या हाताने धुतले, की शिरांची नाजूक जाळी हाती लागायची. ती वहीत जपून ठेवत आपण मोठे झालो. पण पानाचा उरलेला भाग गेला कुठे, हे विचारायचे राहूनच गेले. तो कोणीतरी खाल्ला होता. भांड्यातल्या साचलेल्या पाण्यात हे काम प्रामुख्याने जीवाणूंचे. डोंगरावरून खळाळत येणाऱ्या ओढ्यात मात्र पानावर पहिला हक्क असतो तो बुरशीचा.

बुरशी म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर शिळी पोळी, लोणच्याची बरणी किंवा श्रावणात पांढरी पडलेली चामड्याची चप्पल येते. पण गोड्या पाण्यात राहणाऱ्या बुरशीच्या तीन हजारांहून अधिक जाती आज ज्ञात आहेत. त्यांतला एक गट तर जणू बुडालेल्या पानांसाठीच जन्माला आला आहे. आणि तो पाहायला ॲमेझॉनच्या जंगलात जाण्याची गरज नाही. पारसिकची रांग, खारघरचे डोंगर, कर्नाळ्याचे अभयारण्य येथे पावसाळ्यात फुटणारे ओढे हे अशाच बुरशीचे घर.

युरोपात पानगळ होते तेव्हा ओढे वाहते असतात. पान पडते ते थेट पाण्यातच. आपल्याकडची तऱ्हा वेगळी. साग, ऐन, पळस, काटेसावर आपली पाने हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात टाकतात, तेव्हा ओढ्यांचे पात्र कोरडे ठणठणीत असते. खडकांच्या बेचक्यांत पाचोळ्याचे थर साचतात आणि पावसाची वाट पाहतात. जूनमध्ये पहिला लोंढा येतो, त्यातला बराच पाचोळा वाहून जातो. उरतो तो दगडांत, मुळांत अडकतो. उन्हाळाभर ओलसर मुळांत, झाडांच्या ढोल्यांत आणि पाचोळ्याच्या खालच्या थरात तग धरून राहिलेली बुरशी मग कामाला लागते.

या जगाचा पडदा उघडला तो इंग्लंडमध्ये. लेस्टर येथे शिकवणारे वनस्पतिशास्त्रज्ञ सेसिल टेरेन्स इनगोल्ड यांना जवळच्या ओढ्याच्या फेसात सूक्ष्मदर्शकाखाली चित्रविचित्र आकार दिसले. कुठे चार हातांची चांदणी, कुठे चंद्रकोर, कुठे इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा बाक. हे आकार म्हणजे पाण्यात कुजणाऱ्या आल्डर वृक्षाच्या पानांवरील बुरशीचे बीजाणू होते. १९४२ साली त्यांनी या बुरशींवरील निबंध प्रसिद्ध केला आणि विज्ञानाची एक नवी शाखाच सुरू झाली. २०१० साली, वयाच्या १०४ व्या वर्षी इनगोल्ड निवर्तले. या बुरशींना आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

बीजाणूला चार हात कशासाठी? मुंबईकराला याचे उत्तर मरीन ड्राइव्हवर सापडेल. तेथे लाटा अडवण्यासाठी टाकलेले काँक्रीटचे टेट्रापॉड आठवा. कसेही पडले तरी तीन पायांवर तिवईसारखे घट्ट बसतात. बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असलेला हा बीजाणू असाच. गोल बीजाणू वाहत्या पाण्यात पानावरून घरंगळून जाईल. हा मात्र तीन टोकांनी पान पकडतो आणि टेकलेल्या टोकांतून तंतू फुटू लागतात. ते तंतू पानात शिरतात, विकरे सोडून त्याचा चिवट गाभा विरघळवतात आणि थोड्याच दिवसांत नवे बीजाणू पाण्यात सोडतात. भर हंगामात स्वच्छ ओढ्याच्या एका लिटर पाण्यात असे हजारो बीजाणू सापडू शकतात. हवेचे बुडबुडे त्यांना अडकवतात, म्हणून इनगोल्ड यांना ते फेसात भेटले.

आपल्या पश्चिम घाटातही या बुरशीचा शोध मन लावून घेतला गेला. मंगळूर विद्यापीठातील के. आर. श्रीधर आणि के. एम. कावेरीअप्पा यांनी १९८०च्या दशकात ओढ्यांचे पाणी, फेस आणि पाने तपासून अनेक जातींची नोंद केली. विद्यापीठाच्या कोणाजे गावाचे नाव त्यांनी १९८७ साली एका नव्या जातीला दिले. महाराष्ट्रालाही बुरशीच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. पुण्यात प्रा. एम. एन. कामत यांनी अभ्यासकांच्या पिढ्या घडवल्या, आणि आघारकर संशोधन संस्थेत आज बुरशीचा राष्ट्रीय संग्रह जतन केला जातो.

पण पान कुजले काय आणि न कुजले काय, आपल्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. आंबोळीचे पीठ आंबल्याशिवाय तव्यावर जात नाही. सुके पानही तसेच. त्यात लाकडासारखा चिवटपणा फार आणि प्रथिने अगदी कमी. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात कौशिक आणि हाइन्स या शास्त्रज्ञांनी १९७१ साली दाखवून दिले, की पाण्यात पडलेल्या पानातील प्रथिनांचे प्रमाण कुजताना वाढत जाते, आणि याचे मुख्य श्रेय बुरशीचे. ती पाण्यातला नायट्रोजन शोषून स्वतःचा देह वाढवते. बुरशीनाशक टाकले, तर ही वाढ खुंटते. ओढ्यातले जलचरही कोरे पान सोडून बुरशी लागलेले पान निवडतात. पान ही कोरडी भाकरी, तर बुरशी हे तिच्यावरचे लोणी!

दाट झाडीने झाकलेल्या ओढ्यात ऊन पोचत नाही, शेवाळ फारसे वाढत नाही. तेथे सगळा संसार चालतो तो या पानांवर. खेकडे, गोगलगायी, किड्यांच्या अळ्या पान कुरतडतात. त्यांच्यावर मासे, बेडूक आणि खंड्यासारखे पक्षी जगतात. पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरायला निघणाऱ्या आगरी-कोळी बांधवांना या बुरशीचे नाव ठाऊक नसेल. पण त्या माशांची पिल्ले ज्या किडे-अळ्यांवर वाढतात, त्यांतल्या कित्येकांचे पहिले अन्न हीच शिजवून ठेवते.

आता डोंगरावरून खाली उतरू. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठची गावे, खाजणे, भातखाचरे यांच्या जागी नवी मुंबई उभी राहिली. भरतीचे पाणी शहरात शिरू नये म्हणून डच पद्धतीचे धारण तलाव बांधले गेले. डोंगरातला ओढा शहरात शिरला, की काँक्रीटच्या भिंतींत ‘नाला’ होतो, सांडपाणी घेतो, आणि खाडीला मिळतो. या बुरशीला प्राणवायू भरपूर असलेले वाहते पाणी लागते. सांडपाण्यात प्राणवायू संपला, की जाती एकेक करून कमी होतात. मोजक्या सोशिक तेवढ्या उरतात. पान मग खाल्ले जात नाही. ते काळे पडून चिखलात सडत राहते.

फेसाचीही तीच कथा. डोंगरातल्या ओढ्याचा फेस बीजाणूंचा खजिना, तर नाल्यावरचा फेस साबणाचा आणि रसायनांचा. २०१७ साली तळोजे परिसरात कसाडी नदीच्या पाण्यात शिरलेली कुत्री निळी झाली, तेव्हा सारा देश हळहळला. कुत्री डोळ्यांना दिसली, म्हणून बातमी झाली. त्याच पाण्यातल्या न दिसणाऱ्या जिवांची बातमी कोण देणार?

ती बातमी पानाकडूनच मिळवता येते. वजन केलेली पाने जाळीच्या पिशवीत भरून ओढ्यात बांधायची आणि काही आठवड्यांनी किती उरली ते पाहायचे. २०१२ साली युरोपातील १०० ओढ्यांवर असाच प्रयोग प्रसिद्ध झाला. हे शाळा-महाविद्यालयांनाही जमण्याजोगे आहे. मात्र पावसाळ्यात धबधब्यांच्या पात्रात उतरण्याचे धाडस कोणी करू नये. पाणी ओसरल्यावर, शिक्षकांसोबतच जावे.

‘पाने ओढ्याचे अन्न, तर निर्माल्य पाण्यात टाकायला काय हरकत?’ असा युक्तिवादही होईल. हरकत प्रमाणाची आहे. ओढ्यात पाने थोडी थोडी पडतात आणि पाणी वाहते असते. तलावात एका दिवसात टनावारी निर्माल्य पडले, की कुजतानाच ते सगळा प्राणवायू ओढून घेते. त्याची जागा निर्माल्य कलशात. ओढ्याला हवी आहे ती काठावरची मिश्र झाडी. लवकर मऊ पडणारी उंबर-करंजाची पाने आधी कामी येतील, सागाची चिवट पाने पुढच्या महिन्यांसाठी पुरतील. काठावर एकाच जातीची झाडे लावली, तर जेवणही एकाच चवीचे, आणि पंगतीला येणारेही मोजकेच.

तेव्हा यंदा घरातल्या लहानग्याने पिंपळाचे पान पाण्यात भिजत घातले, तर वासाबद्दल रागावू नका. जाळी हाती आल्यावर त्याला एवढेच विचारा, ‘बाकीचे पान कोणी खाल्ले?’ आपल्या वेळी जो प्रश्न विचारायचा राहिला, तो त्याच्या मनात एकदा रुजला, की घराजवळच्या नाल्याकडे तो निराळ्या नजरेने पाहील. हा नाला कधी तरी ओढा होता, हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.