करवीचा ठसा, भाजकी माती

लोणावळ्याला लागून असलेलं मावळातलं कुसगाव अलीकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ‘मिसिंग लिंक’ या जोडरस्त्यामुळे बातम्यांत असतं. पण मातीत काम करणाऱ्या कलावंताला या मावळात वेगळंच धन सापडेल: रानातलं करवीचं झुडूप, तिच्या काठ्यांची वीण आणि धरणांनी उठवलेली गावं.

करवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. तिच्या सरळ काठ्या गुंफून कूड उभा करायचा आणि त्याला शेणमातीचा गिलावा द्यायचा, ही इथली जुनी रीत. गिलाव्याच्या आतल्या अंगावर काठ्यांची वीण जशीच्या तशी उमटते. पण माती कच्ची. घर ओस पडलं की दोन-चार पावसाळ्यांत सारं वाहून जातं.

भाजलेल्या मातीचं तसं नाही. सुमारे ६०० अंश सेल्सिअसला तिच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं आणि मग ती पाण्यात विरघळत नाही.

याचा पुरावा पुणे जिल्ह्यातच आहे. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथली ताम्रपाषाण काळातल्या जोर्वे संस्कृतीची भांडी लाल, पातळ, काळ्या रेघांच्या नक्षीची. टिचकी मारली की खणखणतात. इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास इनामगावात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि ७००च्या सुमारास वस्ती उठली. वाढता दुष्काळ हे त्याचं कारण पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मांडलं. माणसं गेली, खापरं राहिली.

मावळ-मुळशीत उलट पाण्यानेच माणसं हलवली. टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये लोणावळ्याच्या तलावांवर सुरू झालं. टाटांच्याच मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी गावं बुडालीच. पुढे पवना धरणासाठीही मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या.

या आठवणी मातीत उतरवणं अवघड नाही. मळलेल्या मातीची जाड पोळी लाटायची, करवीचा विणलेला तुकडा तिच्यावर दाबायचा, सावलीत हळूहळू वाळवायचं आणि भट्टीत ९००-१००० अंशांवर भाजायचं. चिकटून राहिलेलं काटूक जळून जातं. सालीच्या रेषा, गाठी, काठीवर काठी चढलेली जागा हे सारं भाजलेल्या फरशीवर कायम राहतं. कूड बांधता येणारे हात मावळात आहेत तोवर शाळांनी आणि कलावंतांनी हे काम त्यांच्यासोबत बसून करावं, आणि प्रत्येक फरशीवर एकेका बुडालेल्या गावाचं नाव कोरावं.