चित्रा: कष्टकरी छातीसाठी घडलेली झडप

माझी मावशी भोर तालुक्यात राहते आणि दर पावसाळ्यात भात लावते. पोटरीएवढ्या चिखलात कमरेत वाकून दिवसभर रोपं खोवायची, डोक्यावर इरलं, वरून पाऊस. २००१ पासून तिच्या छातीत रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी एक झडप आहे. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या तिच्या मूळ मायट्रल झडपेचा लहानपणीच्या सांधे सुजणाऱ्या तापाने घात केला होता. या तापाला डॉक्टर ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. घशात जंतूंचा संसर्ग होतो, शरीर त्यांच्याशी लढतं आणि त्या लढाईत स्वतःच्याच हृदयाच्या पडद्यांना इजा करून बसतं. वीस-पंचवीस वर्षांनी पडदे जाड होतात, एकमेकांना चिकटतात, आणि चढ चढताना बाईला धाप लागू लागते. गावात या ऑपरेशनला ‘वाल बदलला’ म्हणतात.

मावशीचा ‘वाल’ तिरुवनंतपुरमचा. त्याचं नाव चित्रा.

ही झडप जिथे घडली ती श्री चित्रा तिरुनाल संस्था त्रावणकोरच्या शेवटच्या महाराजांच्या नावाने उभी आहे. १९८० मध्ये संसदेने कायदा करून तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. एका बाजूला रुग्णालय आणि दुसऱ्या बाजूला, पूजप्पुरा भागातल्या सॅटेलमंड राजवाड्यात, वैद्यकीय उपकरणं घडवणारी प्रयोगशाळा. शल्यविशारद आणि अभियंते एकाच छताखाली असावेत हा आग्रह डॉ. एम. एस. वलियाथन यांचा. ते स्वतः हृदयाचे सर्जन होते. ऑपरेशन करता येत होतं, हातही तयार होता, पण बसवायची झडप परदेशातून यायची आणि तिची किंमत ऐकून माणसं घरी परत जायची. त्यांनी झडप इथेच करायची ठरवली. अभियांत्रिकीची धुरा जी. एस. भुवनेश्वर यांच्याकडे होती.

पुढची कहाणी अपयशांची आहे, आणि मला ती यशापेक्षा जास्त मोलाची वाटते. हृदय मिनिटाला सत्तर ठोके देतं असं धरलं तर झडप दिवसाला लाखभर वेळा आणि वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त वेळा उघडते-मिटते. बाहेरच्या कुठल्या यंत्राला इतकं काम विनाविश्रांती, विनातेलपाणी करावं लागतं? पहिल्या नमुन्यात जोडकामाच्या जागी धातू ठिसूळ होऊन तुटला. मग नीलमाच्या एकसंध स्फटिकाची चकती करून पाहिली. ती इतकी कठीण निघाली, की तिने भोवतालच्या चौकटीचं टायटॅनियमच खरवडून काढलं. तिसऱ्या वेळी चौकटीचा धातू बदलला, तर मेंढीच्या हृदयात चकतीच फुटली. प्रत्येक वेळी पुन्हा श्रीगणेशा. वर्षं जात होती, आणि सरकारी पैशावर चाललेल्या प्रयोगशाळेत असं वारंवार हरणं सोपं नसतं.

चौथा नमुना टिकला. कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेली चौकट, म्हणजे तुटायला जोडच नाही. मध्ये तिरकी होऊन उघडणारी चकती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनची, म्हणजे कृत्रिम खुब्याच्या सांध्यात वापरतात त्याच जातीच्या प्लास्टिकची. भोवती टाके घालायला पॉलिएस्टरच्या कापडाचं कडं. त्या काळी जगभर अशा चकत्यांसाठी एका खास प्रकारचा कार्बन वापरला जाई आणि तो बनवण्याची विद्या आपल्याकडे नव्हती. नाही तर नाही, आपल्याला मिळेल त्यातून उत्तम काय होईल ते पाहू, असा हा विचार. चकती उघडता-मिटता स्वतःभोवती हळूहळू फिरत राहते, म्हणून झीज एकाच जागी होत नाही. प्लास्टिकची असल्याने आवाजही मऊ. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. नंतर टीटीके कंपनीने तिचं उत्पादन हाती घेतलं आणि आजवर लाखाहून जास्त छात्यांमध्ये ती गेली आहे.

पण झडप टिकते एवढ्याने ती प्रत्येकाला मानवत नाही. अंगमेहनत करणाऱ्या, धावणाऱ्या, गड चढणाऱ्या माणसाने कोणती झडप घ्यावी हा प्रश्न मला मावशीमुळे पडला, आणि माझी खात्री झाली आहे की त्याचं अर्धं उत्तर ऑपरेशनच्या टेबलापासून बरंच दूर, माणसाच्या घरात आणि रानात असतं.

चित्रासारखी यांत्रिक झडप जन्मभर पुरू शकते, मात्र तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन. गोळीचा डोस ठरतो रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणाऱ्या आयएनआर या तपासणीवर. मायट्रल जागी यांत्रिक झडप असेल तर हा आकडा साधारण अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. कमी झाला तर झडप अडकण्याची किंवा मेंदूत गुठळी जाण्याची भीती, वाढला तर रक्तस्रावाची. अशा माणसाने चालावं, पळावं, पोहावं, सायकल चालवावी, छातीचं हाड सांधल्यावर शेतातही उतरावं. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग मात्र नाही, कारण डोक्याला बसलेला साधा मार आत रक्त साचवू शकतो. विळा, कोयता हातात असणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवायचं. सांधे दुखले म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून खायची नाही. मेथी-पालक वर्ज्य नाही, पण आठवडाभर रोज आणि मग महिनाभर अजिबात नाही, असं चालत नाही. नव्या पिढीची रक्त पातळ करणारी औषधं यांत्रिक झडपेला चालतील अशी आशा होती. पण त्यांतल्या डॅबिगॅट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने मध्येच थांबवावी लागली, म्हणून जुनीच गोळी कायम आहे.

दुसरी वाट प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेची. डुकराची झडप किंवा गाईच्या हृदयावरणाचं पातळ पटल रसायनाने पक्कं करून ती घडवतात. रुग्णाच्या श्रद्धेचा विचार करून हे आधीच स्पष्ट सांगायला हवं. ऑपरेशननंतर कळणं हा विश्वासघात ठरतो. या झडपेला बहुतेकदा सुरुवातीचे काही महिने सोडले तर गोळी लागत नाही. खेळाडूला, ट्रेकरला, मूल हवं असलेल्या तरुणीला ती म्हणूनच खुणावते. वॉरफरिन गर्भाला अपाय करू शकतं, आणि आपल्याकडे ऱ्हुमॅटिक आजार नेमका बाळंतपणाच्या वयातल्या बायकांना गाठतो. पण ही झडप दहा-पंधरा वर्षांत झिजते, आणि वय जितकं तरुण तितकी ती लवकर कडक होते. म्हणजे पुन्हा ऑपरेशन. महाधमनीच्या झडपेबाबत अमेरिकन तज्ज्ञांचं २०२० चं मार्गदर्शन ढोबळमानाने असं, की पन्नाशीच्या आत यांत्रिक, पासष्टीच्या पुढे ऊतीची, आणि मधल्या वयात रुग्णाशी बोलून.

अरनॉल्ड श्वार्झनेगरची गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. जन्मतः त्याच्या महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या होत्या. १९९७ मध्ये त्याने रॉस शस्त्रक्रिया करून घेतली. डोनाल्ड रॉस या सर्जनने १९६७ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत रुग्णाची स्वतःचीच फुप्फुसधमनीची झडप काढून महाधमनीत बसवतात आणि रिकाम्या जागी दात्याची झडप लावतात. गोळी नाही, व्यायामाला मोकळीक. पण २०१८ मध्ये फुप्फुसाच्या बाजूची झडप बदलावी लागली आणि २०२० मध्ये महाधमनीची. हवं तसं जगता आलं, त्याची किंमत आणखी दोन शस्त्रक्रिया. त्याला ती परवडली, आणि पैशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे वेळेवर दाखवायला निष्णात डॉक्टर जवळ होते.

एक गोष्ट मात्र फारशी कोणी बोलून दाखवत नाही: झडपेचं माप. विसाव्यात हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं, जोराच्या श्रमात वीस लिटरच्याही वर. दणकट शरीराच्या माणसाला लहान झडप बसली तर खुर्चीत बसून तो ठणठणीत असतो आणि राजगडाच्या पायऱ्या चढताना गुदमरतो. म्हणून सर्जनला ‘यांत्रिक की ऊतीची’ एवढंच विचारून थांबू नये. माझ्या देहाला पुरेल एवढं माप बसेल का, नसेल तर महाधमनीचं मूळ रुंद करता येईल का, हेही विचारावं. त्याच्याही आधी विचारावं की झडप बदलायलाच हवी का. आकसलेली मायट्रल झडप पुष्कळदा मांडीच्या शिरेतून नेलेल्या फुग्याने उघडता येते. गळकी झडप कुशल हात दुरुस्त करू शकतात, आणि स्वतःची झडप वाचली तर तिच्यासारखी दुसरी नाही.

मावशीला यातलं काही विचारलं गेलं नव्हतं. तिला दोन मुलं झाली होती, वय चौतीस, आणि घरी पैसे होते ते चित्रापुरते. निवड योग्यच झाली, असं मला आज वाटतं. पण आयएनआर म्हणजे काय, तो किती हवा, हे तिला घरी परतताना कोणी नीट सांगितलं नाही. सुरुवातीची वर्षं ती तपासणीसाठी पहाटेच्या एसटीने पुण्याला जायची आणि लावणीच्या दिवसांत जायची नाही. एकदा हिरड्यांतून रक्त थांबेना तेव्हा आम्ही सगळे घाबरलो. रिपोर्टवरचा आकडा सहाच्या वर होता.

आता भोरमध्ये नमुना घेतात आणि संध्याकाळी आकडा फोनवर येतो. बोट टोचून जागच्या जागी आकडा दाखवणारी छोटी यंत्रंही निघाली आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात असं एकेक यंत्र ठेवलं तर डोंगरातल्या किती जणींचा एसटीचा दिवस वाचेल, आणि किती जणींना हवी ती झडप निर्धास्त घेता येईल!

मावशीची वही प्लास्टिकच्या पिशवीत, देवघराच्या फळीवर असते. तारीख, आकडा, गोळी पाव की अर्धी. यंदाच्या जूनच्या पानावर आकड्याशेजारी तिने लिहिलंय, ‘२.९, रोप तयार’.